चौऱ्याहत्तरावी बारी आणि दोन जीबी

पेठला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘मोटार रिवायंडिंग व कॉम्प्युटर दुरुस्ती’. गिऱ्हाईक पंपाची जळालेली मोटार घेऊन येतं आणि जाताना मोबाईलची काच बदलून जातं. दुकान चांगलं चालतं. माझं तोंड मात्र दुकानापेक्षा जास्त चालतं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या तोंडामुळेच झाला.

माझी सासुरवाडी जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, बोरीच्या पुढं. माझे सासरे गाडामालक. गाडामालक म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही, बाहेरच्यांना सांगतो. यात्रेत बैलगाडे चढावाच्या घाटातून पळतात. एका गाड्याच्या एका पळण्याला बारी म्हणतात. गाडा सुटतो आणि वर फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषेवर पुढच्या बैलाचं नाक पोचलं की वेळ थांबते. सगळा खेळ अकरा ते पंधरा सेकंदांचा. त्या पंधरा सेकंदांसाठी माणूस वर्षभर बैलाला स्वतःच्या ताटातलं चारतो. माझ्या बायकोचं म्हणणं असं, की लहानपणी तिला ताप आला तर तिच्या वडिलांना संध्याकाळी कळायचं आणि बैल शिंकला तर शिंकेच्या आधी.

सासऱ्यांना, म्हणजे मामांना, घाटात पहिला नंबर कधीच मिळाला नव्हता. दुसरा मिळाला होता, तोही पुष्कळदा. पुढचा कोसा बैल, रंगावरून नावही कोसाच, आता उतरणीला लागलेला. त्या वर्षी मामा म्हणाले, “ह्याची ही शेवटची यात्रा. मंग ह्यानं नुसतं बसून खायाचं.” एवढंच म्हणाले. पण त्यानंतर घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

आदल्या वर्षी घाटात भांडण झालं होतं. बाऱ्यांचं शूटिंग मोबाईलवर केलेलं, त्याचे चौदा तुकडे झाले, आणि एकजण म्हणाला की नवव्या आणि दहाव्या तुकड्याच्या मधे माझी बारी खाल्ली. वेळ मोजायला आणलेल्या लॅपटॉपनं बाराव्या बारीलाच ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असा निरोप दिला आणि तो दुपारपर्यंत काही बोलला नाही. शेवटी यात्रा कमिटीनं ठरवलं की यंदा वेळ आणि शूटिंग एकाच मशीनवर, आणि दिवसभराची फाईल एकच. कात्री नाही, तुकडा नाही.

मी तेव्हा मामांकडे जेवायला गेलो होतो. कमिटीचे अध्यक्ष ओसरीवर बसले होते. मला गप्प बसता आलं असतं.

“माझ्याकडे मशीन आहे,” मी म्हणालो.

मशीन होतं हे खरं. चाकणकडचा एक बंद पडलेला कारखाना भंगारात निघाला तेव्हा मी एक पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यात जुना कॉम्प्युटर, काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही. हुकूम टाईप करायचा आणि एंटर मारायचं, एवढंच. बाटलीचं बूच नीट बसलंय का ते ही पेटी कॅमेऱ्यातून बघायची. एका सेकंदात पंचवीस करडी चित्रं काढायची आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापायची, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. बूच काय आणि बैलाचं नाक काय, तिला सारखंच. जुन्या यंत्रणेची मजा ही की तिला एका वेळी एकच काम येतं, म्हणून ती ते मन लावून करते. तिला नेट नाही, अपडेट नाही, व्हायरसही तिच्याकडे फिरकत नाहीत, कारण त्यांच्या पिढीतलं कुणी उरलेलं नाही.

अध्यक्षांना ते फार पटलं. “नेट न्हाई, माऊस न्हाई. मंग लबाडी करायची कशानं,” ते म्हणाले. “आन् जागा पुरंल का फायलीला?”

“राव, नवी डिस्क घातलीय,” मी म्हणालो. “दहा यात्रा मावतील.”

बायको आतून म्हणाली, “मागं पाण्याच्या टाकीचंबी असंच म्हणला व्हता तुमी.”

टाकीचा विषय इथे नको.

पंधरा दिवस मी त्या पेटीला नवा प्रोग्राम शिकवत होतो. घाटाच्या खाली एक प्रकाशाचा आडवा किरण, वर एक. खालचा तुटला की मोजणी आणि चित्रं सुरू, वरचा तुटला की मोजणी बंद. चित्रं मागोमाग एकाच फाईलला चिकटत जायची. आणि एक ओळ मी फार कौतुकानं लिहिली: लिहिताना काही अडचण आली तर थांबायचं नाही, हातातला शेवटचा आकडा धरून पुढे चालायचं. मला वाटलं, यात्रेत मशीन बंद पडलं असं व्हायला नको. माणसानं भंगारातल्या पेटीला असला धीट स्वभाव देऊ नये.

चाचणी पेठला आमच्याच गल्लीत घेतली. माझी स्कूटर हाच गाडा, बायको निशाण पाडणार. दहा बाऱ्या केल्या, दहाही वेळा चोख. अकराव्या बारीला बायको निशाण टाकून भाकऱ्या करायला गेली.

यात्रेच्या सकाळी मी पेटी घाटाच्या वरच्या अंगाला, मांडवात मांडली. कमिटीचे दोघेजण दरवर्षी हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे, वेळ तपासायला. मी त्यांना म्हणालो, “भाऊ, घड्याळं घरी ठेवा. यंदा तुम्हीपण बाऱ्या बघा.” दोघे बिचारे इतके खूष झाले की घड्याळं खिशात टाकून थेट भेळेच्या गाडीकडे गेले.

पहिल्याच बारीला आकडा आला नऊ सेकंद दहा. सगळा घाट उभा राहिला. मग कळलं की गाड्याच्या पुढे घोडी पळते आणि किरण आधी तीच तोडते. घोडीवाला मांडवात येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, “मंग मलाबी द्या की ढाल.” मी घाईनं दुरुस्ती केली, पहिला आडवा सोडायचा, दुसरा धरायचा. फाईल कोरी करून पुन्हा सुरुवात केली, पहिली बारीही पुन्हा झाली, आणि मग मशीन असं काही चाललं की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. पुकारणारा भोंग्यावरून माझं कौतुक करत होता. “पेठचं पावणं, मशीनवालं जावईबापू,” असं तो दर पाच बाऱ्यांनी म्हणायचा, आणि मी दर पाच बाऱ्यांनी टोपी सरळ करायचो.

एकतिसावी बारी आणे गावच्या एका गाडामालकाची. हे मामांचे जुने वैरी. म्हणजे लग्नाकार्यात शेजारी बसणारे, एकमेकांच्या बैलाला औषध सांगणारे, पण घाटात एकमेकांचं तोंड न बघणारे. त्यांचा आकडा आला अकरा सेहेचाळीस. दुपारपर्यंत त्याच्या जवळपास कुणी आलं नाही.

मामांच्या टोकनावर नंबर होता चौऱ्याहत्तर. दुपारी तीनच्या सुमारास निशाण पडलं. कोसा असा आला की मला पाय दिसलेच नाहीत, नुसती धूळ आणि धुळीच्या पुढे एक नाक. मी पडद्याकडे बघितलं. अकरा त्रेचाळीस.

पुकारणाऱ्याचा आवाज फाटला. भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. मामा खालून चालत वर येत होते, धोतराचा सोगा हातात, आणि वाटेत भेटेल त्याला विचारत होते, “खरंच का?” मी मांडवातून त्यांना तीन बोटं आणि चार बोटं दाखवत होतो. त्यांना त्यातून काय कळायचं ते कळलं असेल.

पंचाहत्तरावी बारी. अकरा त्रेचाळीस.

“बरोबरी,” पुकारणारा ओरडला. लोक आणखी खूष. यात्रेला बरोबरीसारखी चव नाही.

शहात्तरावी. अकरा त्रेचाळीस. आता पुकारणाऱ्यानं घाटाला नमस्कार केला आणि देवाची कृपा आहे म्हणाला. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, तेच. ज्या गाड्यांना उभ्या जन्मात पंधराच्या आत येता आलं नव्हतं, त्यांचे मालक एकमेकांना मिठ्या मारत होते. एका म्हाताऱ्यानं तिथल्या तिथे फेटा मागवला. मला शंका यायला लागली होती, पण मी टोपी सरळ करत राहिलो.

एकोणऐंशीव्या बारीला बैल अर्ध्या घाटात थांबले, वळले आणि उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाकडे चालू लागले. रेषेपर्यंत गेलेच नाहीत. पडद्यावर आकडा आला अकरा त्रेचाळीस.

अध्यक्ष मांडवात आले. “पावणं,” ते म्हणाले, “बैल तिकडं रस पितंय. हितं कोण आलं अकरा त्रेचाळीसला?”

मी हुकूम टाईप केला, फाईल किती झाली ते बघायला. मशीननं सांगितलं, दोन जीबी. काठोकाठ. तेव्हा मला सगळं एकदम आठवलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे आठवलं की मी हे दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. पेठला कॉम्प्युटर क्लास चालवायचो तेव्हा फळ्यावर खडूनं लिहून द्यायचो: या जुन्या यंत्रणेत एक फाईल दोन जीबीपेक्षा मोठी होत नाही. पोरं वहीत उतरवून घ्यायची. मास्तरांनी स्वतः उतरवून घेतलं नव्हतं.

अध्यक्षांना मी समजावून सांगितलं. डिस्क म्हणजे कांद्याची चाळ. मी चाळ मोठी बांधली. पण फाईल म्हणजे गोणी, आणि गोणीचं माप ही यंत्रणा बनवणाऱ्यांनी फार वर्षांपूर्वी ठरवून टाकलंय. तेव्हा त्यांना वाटलं, एवढी मोठी गोणी भरणार कोण? आम्ही भरली, तीन वाजता. आणि गोणी भरल्यावर थांबायचं सोडून माझ्या धीट प्रोग्रामनं हातातला शेवटचा आकडा धरला आणि तो वाटत सुटला.

“म्हंजे अकरा त्रेचाळीसला गोणी भरली,” अध्यक्ष सावकाश म्हणाले. “बैल पोचला का न्हाई, ह्ये मशीनला ठावं न्हाई.”

मामा मांडवाच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

बाहेर कुजबुज सुरू झालीच होती. मशीन जावयाचं, आकडा सासऱ्याचा. कुणी भांडलं नाही, हसूनच बोलत होते, पण बोलत होते. मामा आत आले आणि अध्यक्षांना म्हणाले, “माजा नंबर खोडा. लोकांच्या त्वांडातली ढाल मला नको.” माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती एवढंच म्हणाली, “अहो, चित्रं हायत ना त्या पेटीत? दाखवा की मंग.”

हे मला सुचायला हवं होतं. आकडा अडकला असला तरी गोणीत जे पडलं ते पडलं. मामांच्या बारीचा शेवट तिच्यात आहे की नाही, एवढाच प्रश्न.

पेटी देवळाच्या सभामंडपात नेली. पंचाहत्तरपासूनच्या सगळ्या बाऱ्या दुसऱ्या दिवसावर टाकल्या. सगळे गाडामालक पडद्यापुढे मांडी घालून बसले, मागे अर्धा गाव. अध्यक्ष म्हणाले, “लावा चौऱ्याहत्तरावी.”

“तसं नाही लावता येत,” मी म्हणालो. “पहिल्यापासून बघावं लागेल.”

फाईलच्या मधे उडी मारायची सोय मी लिहिलीच नव्हती. थांबवता येत होतं, पुढे ढकलता किंवा मागे आणता येत नव्हतं. शिवाय पेटी चित्रं काढायची त्याच्या तिप्पट सावकाश दाखवायची. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. पण बाकीच्यांचे चेहरे बघितले तर कुणालाच वाईट वाटलेलं नव्हतं. सकाळच्या सगळ्या बाऱ्या पुन्हा बघायला मिळणार होत्या. कुणीतरी चहाचं पातेलं मागवलं. बाहेरच्यांना पडदा दिसत नाही म्हणून पुकारणाऱ्यानं भोंगा लावला आणि झालेल्या बाऱ्या पुन्हा नव्यानं पुकारायला सुरुवात केली, त्याच उत्साहात, जणू निकाल बदलायची शक्यता आहे.

बारावी बारी ज्यांची होती त्यांचे बैल सकाळी आडवे गेले होते. ते मला हळूच म्हणाले, “भाऊ, येवढी एक गाळा.”

“गाळता येत नाही.”

“मंग पडद्याम्होरं उभा तरी ऱ्हा.”

पाऊण तासानं चौऱ्याहत्तरावी आली. करडा कोसा करड्या धुळीतून आला, रेषेजवळ आला, आणि चित्र गोठलं. कोपऱ्यात वेळ होती अकरा एकोणचाळीस. नाक रेषेच्या अलीकडे होतं. साधारण एक हात अलीकडे. त्यापुढे फाईल संपली होती.

मामांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठायला लागले.

“बस खाली,” मागून आवाज आला. आण्याचे गाडामालक होते. मामांशी घाटात ते कधी बोलत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मामा खरंच बसले. आण्याचे मालक पुढे आले, चष्मा लावला, कोपऱ्यातल्या केरसुणीची एक काडी मोडली आणि पडद्याला लावली. रेषेपासून नाकापर्यंत जेवढी जागा, तेवढीच तोडली.

“पावणं, ह्याच्या आधलं चित्र लावा.”

“मागे जात नाही,” मी म्हणालो. या वेळी मला रडूच येत होतं. “पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल.”

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “तुमी मशीन केलंय का हरिपाठ?” ते म्हणाले. मग मागे वळून म्हणाले, “च्या ठिवा रं अजून. पयल्यापासून.”

दुसऱ्या खेळाला गर्दी दुप्पट झाली. घरातल्या बायका कामं टाकून आल्या. आता लोकांना चित्रं पाठ झाली होती, घोडी कुठे अडखळते, कोण कुठे पडतो, ते आधीच ओरडून सांगत होते. बाराव्या बारीच्या मालकांनी तर स्वतःच उभं राहून आपले बैल कुठून आडवे गेले ते दाखवलं, आणि टाळ्या घेतल्या. सत्तरीच्या पुढे मात्र सगळे पडद्याजवळ सरकले. शेवटच्या बारीला मी एकेक चित्र थांबवत पुढे नेलं.

अकरा एकतीस. काडी लावली. रेषेपासून नाकापर्यंत तीन काड्या.

अकरा पस्तीस. दोन काड्या.

अकरा एकोणचाळीस. एक.

आण्याच्या मालकांनी काडी पडद्यावरून काढली, कानावर अडकवली आणि अध्यक्षांना विचारलं, “एका चित्राला एक काडी खातोय बैल. पुढचं चित्र कितीचं व्हतं?”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “अकरा त्रेचाळीस. तेच गोणीत मावलं नाही.”

“मंग अकरा त्रेचाळीसला नाक रेघंवर. अजून काय पायजे?” ते म्हणाले. “माजं सेहेचाळीस. मी मागं.” आणि मामांकडे न बघता पुढे म्हणाले, “मशीन मेलं त्या टायमाला बैल पोचला. योगायोग असंल. पण बैल काय मशीनला इचारून पळत न्हाई.”

हिशेब ज्यानं केला तोच त्या हिशेबानं हरला होता, त्यामुळे शंकेला कुठे जागाच उरली नाही. अध्यक्षांनी नंबर जाहीर केला. पुकारणाऱ्याला दोन खेळांनंतर आवाजच उरला नव्हता, तो नुसता भोंग्यात हवा सोडत होता, पण गावाला कळलं. भंडारा पुन्हा उधळला, सभामंडपात, पेटीवर, माझ्या चहात. मामा उठले आणि आण्याच्या मालकांपुढे उभे राहिले. शेवटी मामा म्हणाले, “तुज्या डाव्या बैलाचा खूर बघ. उजवीकडं वढतोय.”

“दिसलं मला,” ते म्हणाले. “दोनदा.”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या बाऱ्या झाल्या. वेळ मोजली त्या दोघांनी, हातातल्या घड्याळांनी, आणि दोघेही माझ्याकडे बघून फार गोड हसत होते. त्या दिवसाची ढाल वेगळी होती, ती दुसऱ्याच एका गावाला गेली.

मी पेटी पेठला न्यायला निघालो तेव्हा मामांनी विचारलं, नेऊन काय करणार. म्हणालो, फाईल पुसतो, प्रोग्राम सुधारतो, गोणी भरली की आपोआप नवी गोणी उघडेल असं करतो. मामांना त्यातलं फक्त ‘पुसतो’ ऐकू आलं.

“पुसायची न्हाई,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ द्या हितंच.”

ती अजून त्यांच्या ओसरीवर आहे, वर शाल पांघरलेली. मी पुढची गोणी कधी शिवलीच नाही. कोसा समोर गोठ्यात बसून खातो आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजून पेटी सुरू करतात. परवा एक विमावाला आला होता, दहा मिनिटांसाठी. त्याला वाटलं, एक बारी बघून निघावं. तो चुळबुळ करायला लागला तसे मामा प्रेमानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “बसा की पावणं. आत्ताशी एकविसावी चाललीय.”